कटरचा श्वास मोकळा करताना

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि दापोली-मंडणगडच्या बागा एका दुपारीत आडव्या झाल्या. नारळी-पोफळी, किनाऱ्यावरचे सुरू, आजोबांच्या हातचे हापूस, सगळं रस्त्यांवर आणि घरांवर येऊन पडलं. कुऱ्हाडीने ते उपसायचं म्हटलं असतं तर वर्ष पुरलं नसतं. गावोगावी लाकूड कापायचे, पेट्रोलवर चालणारे कटर (चेनसॉ) दिसायला लागले ते तेव्हापासून. मीही त्याच पावसाळ्यात हस्कवर्ना कंपनीचं एक जुनं ३७२ मॉडेल घेतलं. ७०.७ सीसीचं इंजिन, ५० मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ३६ मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), कंपनीच्या कागदावर ३.९ किलोवॅट, म्हणजे सव्वापाच हॉर्सपॉवर. बार (चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) आणि चेन सोडून वजन सहा किलो. आमच्याकडच्या कामाला हे मशीन कमी पडणारं नव्हतंच. तरी जुन्या आंब्याच्या रुंद बुंध्यात वीस इंची बार पूर्ण रुतला की इंजिन दबायचं, हात सैल करावा लागायचा. त्या ठिकाणी ते दबू नये, एवढीच माझी इच्छा होती. ते सुंदर दिसावं ही इच्छा नंतर आली, पण तीही तितकीच खरी.

कटर सुधारायचं म्हटलं की सगळे आधी सायलेन्सरकडे धावतात. माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात चेनपासून करावी. चेनचा प्रत्येक दात हा एक छोटा रंधा असतो. वरची धार लाकडाचा ढलपा उचलते, बाजूची धार रेषा कापते आणि दात किती खोल बसायचा ते त्याच्या पुढचा बुटका खुंट ठरवतो. ही रचना अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात लाकूडतोडीचं काम करणाऱ्या जोसेफ कॉक्सची. १९४६ मध्ये त्याने बुंधा पोखरणारी भुंग्याची अळी न्याहाळली. ती जबड्याने डावी-उजवी कुरतडत लाकडाच्या रेषेत आणि रेषेला आडवी सारख्याच सहजतेने जात होती. पुढच्या वर्षी त्याने आलटूनपालटून डावे-उजवे वळलेले दात असलेली चेन विकायला काढली. आजही आपण वापरतो ती त्याच कुळातली.

माझ्या चेनला साडेपाच मिलिमीटरची गोल कानस लागते. दुकानातून येते ती धार बहुधा ३० अंशांवर असते. आंब्याला ती चालते. ऐन, किंजळ, जुना फणस अशा चिवट लाकडाला मी २५ अंश ठेवतो. धार थोडी कमी तीक्ष्ण वाटते, पण टिकते. पुढचा खुंट ०.६५ मिमी खाली असावा. धार गेल्यावर बरेच जण दाताला हात न लावता खुंटच घासून खाली नेतात. मशीन लाकडात झपाट्याने घुसतं आणि दोन मिनिटं आनंद होतो. मग चेन लाकूड चावायच्या ऐवजी ओढायला लागते, बारचं टोक उसळून अंगावर येण्याचा धोका वाढतो आणि क्लच जळतो. मी प्रत्येक दातामागे गेज ठेवून सपाट कानस मारतो. नारळाच्या खोडात सिलिका असते, त्यामुळे नारळ कापायच्या दिवशी चेन वेगळी लावतो आणि पेट्रोलच्या दोन-दोन टाक्यांना धार लावतो. एवढं नीट केलं तरी ‘कटरला काय केलंस?’ असं लोक विचारतात.

चेनचा वेग स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन ओढणाऱ्या दातेरी चाकावरही असतो. थ्री-एट (३/८ इंची) पिचची चेन आणि सात दातांचा स्प्रॉकेट असेल तर इंजिनच्या एका फेरीत चेन १३३ मिमी सरकते. लाकडात मिनिटाला १०,००० फेऱ्या टिकल्या तर सेकंदाला २२ मीटर, म्हणजे ताशी ८० किलोमीटर. आठ दातांचा स्प्रॉकेट लावला की तो वेग पंचवीस मीटरवर जातो, पण ओढ त्याच प्रमाणात घटते. इंजिनात तेवढा जोर नसताना आठ दात लावणं म्हणजे दबणाऱ्या मशीनला आणखी दाबणं. म्हणून तो स्प्रॉकेट मी कपाटात ठेवला आणि आधी इंजिनाकडे वळलो.

सायलेन्सर उघडून पाहिला तेव्हा कळलं की आवाज आणि धुराच्या नियमांपायी इंजिनाचा श्वास किती आवळलेला असतो. एक्झॉस्ट पोर्ट (सिलिंडरमधून जळालेला वायू बाहेर सोडणारं तोंड) ऐसपैस, मागचा डबाही मोठा, आणि बाहेर पडायची वाट मात्र करंगळी जेमतेम जाईल एवढी. वाट किती मोठी करायची याचा साधा हिशोब आहे. सिलिंडरच्या पोर्टवर कागद दाबून धरायचा आणि शिसपेन्सिलीने घासायचं. पोर्टचा आकार कागदावर उमटतो. चौकटीच्या वहीवर तो मोजायचा. बाहेरच्या सगळ्या वाटांचं मिळून क्षेत्रफळ त्याच्या पाऊणपट झालं की पुरे. त्यापुढे कितीही उघडलं तरी वाढतो तो फक्त आवाज. मी मूळ वाट थोडी रुंद केली आणि शेजारी एक आखूड नळी ब्रेझिंग करून, म्हणजे पितळेच्या जोडाने बसवून घेतली. नळीचं तोंड पुढे आणि उजवीकडे, हात आणि पेट्रोलच्या टाकीपासून लांब.

ठिणगी अडवणारी जाळी बरेच जण काढून टाकतात. मी ती दोन्ही वाटांवर बसवली. आमच्याकडे फेब्रुवारीपासून मेपर्यंत डोंगर वाळलेल्या गवताने भरलेले असतात आणि वणव्यात दरवर्षी कुणाची ना कुणाची काजूची, आंब्याची बाग जळते. जाळीवरची काजळी महिन्याला ब्रशने काढली तर तिचा काही अडथळा होत नाही. ज्याला जाळी नको त्याने त्या महिन्यांत रानात मशीन चालू करू नये, असं मी तोंडावर सांगतो.

वाट मोकळी झाली की इंजिन जास्त हवा ओढतं, आणि त्या हवेच्या मापाने पेट्रोल वाढवलं नाही तर मिश्रण विरळ होतं. टू-स्ट्रोकमध्ये तेलही पेट्रोलबरोबरच येतं. पेट्रोल कमी म्हणजे तेल कमी, म्हणजे पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने उभा खरचटणार. म्हणून सायलेन्सर उघडला त्याच दिवशी कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं प्रमाण जुळवायचं, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही. एच अक्षर असलेला स्क्रू डावीकडे फिरवला की पेट्रोल वाढतं, उजवीकडे फिरवला की घटतं. मी एअर फिल्टर धुऊन वाळवला, धारदार चेन चढवली, इंजिन चांगलं तापू दिलं आणि मग पूर्ण थ्रॉटल दिला. मिश्रण विरळ असेल तर आवाज स्वच्छ, बारीक आणि सतत चढता येतो. ऐकायला तो फार गोड वाटतो आणि तोच घातक असतो. थोडं पेट्रोल वाढवलं की त्यात घरघर मिसळते, मधला एखादा स्फोट चुकल्यासारखी. ही घरघर रिकाम्या थ्रॉटलला, म्हणजे बार लाकडाबाहेर असताना दिलेल्या पूर्ण थ्रॉटलला, हवीच. बार लाकडात टेकवला की ती विरून आवाज स्वच्छ व्हायला हवा आणि बार बाहेर काढला की लगेच परत यायला हवी. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा, फेऱ्या मोजणारा छोटा टॅकोमीटर मिळतो. या मॉडेलची रिकामी कमाल मिनिटाला १३,५०० फेऱ्यांची आहे. मी १३,००० च्या आसपास थांबलो.

पंपावर आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्बोरेटरच्या जुन्याच सेटिंगवर मिश्रण आणखी विरळ होतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात हवेत पाण्याला तोटा नसतो. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि तळाशी बसतात. कार्बोरेटरची रबरी पडदी आणि टाकीतली नळीही त्याने फुगते, कडक होते. म्हणून लागेल तेवढंच मिश्रण करतो, पन्नासास एक, चांगल्या प्रतीचं टू-टी ऑइल घालून. कामाचा आठवडा संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो.

खरं काम झालं कोल्हापुरात. शिवाजी उद्यमनगरच्या बाजूला एक मिस्त्री आहेत, अण्णा. तरुणपणी त्यांनी यामाहा आरएक्स १०० चे सिलिंडर पोर्ट करण्यात, म्हणजे वायू आत-बाहेर जायची तोंडं घासून सुधारण्यात, हात बसवला. ती गाडी १९९६ मध्ये बंद झाली, पण तिच्या पोर्टिंगसाठी अजून लोक त्यांच्याकडे येतात. टू-स्ट्रोकची इतकी जुनी आणि जिवंत विद्या आपल्याकडे असताना कटरवाल्यांनी तिच्याकडे जाऊ नये याचं मला नवल वाटतं. मी सिलिंडर, पिस्टन आणि क्रँककेस पिशवीत भरून कुंभार्ली घाटाने कऱ्हाडमार्गे त्यांच्याकडे गेलो.

अण्णांनी सिलिंडर उजेडात धरला, आत बोट फिरवलं आणि विचारलं, “भावा, ह्याला पाइप कुठला?”

“पाइप नाही अण्णा. एवढाच डबा.”

“मग गाडीसारखं करायचं नाही.”

त्यानंतर त्यांनी जे समजावलं ते या सगळ्या कामाचं मर्म आहे. आरएक्सच्या लांब, मधे फुगलेल्या पाइपमधून दाबाची लाट परत येते आणि बाहेर पडलेलं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. त्या जोरावर एक्झॉस्ट पोर्ट उंच करता येतो. कटरला तसा पाइप नसतो. पोर्ट फार उंच केला तर ताजं पेट्रोल सरळ बाहेर जातं, रिकाम्या थ्रॉटलला मशीन किंचाळतं आणि लाकडात मरतं. स्टिल कंपनीच्या टिंबरस्पोर्ट्स या लाकूडतोडीच्या स्पर्धेतल्या ‘हॉट सॉ’ला खरोखरच मोठं इंजिन आणि तसा पाइप असतो, पण तिथे ४६ सेंटिमीटर जाडीच्या ओंडक्याच्या तीन चकत्या काढल्या की शर्यत संपते. आपल्याला दिवसभर कापायचं असतं. अण्णांनी ठरवलं की फेऱ्या वाढवायच्या नाहीत, लाकडातला जोर वाढवायचा.

आधी त्यांनी पिस्टनच्या माथ्यावर सोल्डरची तार ठेवून क्रँक (पिस्टन वर-खाली करणारा दांडा) फिरवला. तार चेपून एक मिलिमीटर उरली. पिस्टन वर गेल्यावर हेडमध्ये उरणारी ही फट. सिलिंडरखालचं पॅकिंग अर्धा मिलिमीटर जाड होतं. ते काढून तिथे उष्णता सोसणारा गॅस्केट मेकर लावला की फट अर्ध्या मिलिमीटरवर येते. कॉम्प्रेशन वाढतं, जाळ नीट पसरतो. याहून कमी फट ठेवायची नाही, कारण तापल्यावर आणि वेगात कनेक्टिंग रॉड किंचित ताणला जातो. पण सिलिंडर अर्धा मिलिमीटर खाली बसला की सगळे पोर्टही तेवढेच खाली येतात. क्रँकला अंशांची चकती लावून त्यांनी ते दाखवलं. एक्झॉस्ट उघडतो त्या जागी पिस्टन एका अंशाला साधारण ०.३ मिलिमीटर सरकतो. अर्ध्या मिलिमीटरने जवळजवळ दोन अंश हलले. पिस्टन अगदी वर असतो तिथून मोजलं तर कामाच्या कटरला एक्झॉस्ट १०० ते १०४ अंशांच्या दरम्यान उघडावा, ट्रान्स्फर (ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये सोडणारा पोर्ट) १२० च्या आसपास. मधल्या अठरा-वीस अंशांत जळालेला वायू बाहेर निसटतो आणि मग ताजं मिश्रण येतं.

घासायचं काम त्यांनी ज्या हाताने केलं ते मी जवळ बसून पाहिलं. सिलिंडरच्या आत निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा पातळ थर असतो. तो बोअर करून वाढवता येत नाही, एकदा पोपडा निघाला की सिलिंडर गेला. म्हणून कार्बाइडचा बर (गरगर फिरणारी छोटी कानस) नेहमी थराकडून बाहेरच्या ॲल्युमिनियमकडे चालवायचा, उलट कधीच नाही. पोर्टवर निळी शाई, तिच्यावर टोकदार सुईने रेघ, आणि रेघेच्या अलीकडे थांबत थांबत बर. मधेच हात थांबवून ते कापसाने भुकटी पुसायचे, पिस्टन घालून चकती वाचायचे, पुन्हा घासायचे. एक्झॉस्टची रुंदी बोअरच्या पासष्ट टक्क्यांपलीकडे जाऊ दिली नाही, कारण मग पिस्टनची रिंग पोर्टमध्ये फुगून अडकते. शेवटी पोर्टच्या चारी कडा बारीक दगडाने गोल केल्या, रिंग घसरत जावी म्हणून. ट्रान्स्फरच्या आतल्या ओतकामाच्या कडा काढल्या, पण आरशासारखं चकचकीत केलं नाही. इनटेकला, म्हणजे कार्बोरेटरकडून मिश्रण येतं त्या वाटेला, ते हलकासा खरखरीतपणा राहू देतात, पेट्रोलचे थेंब भिंतीला चिकटून ओघळू नयेत म्हणून.

फ्लायव्हीलची चावी घासून ठिणगी चार-सहा अंश आधी पाडायची पद्धतही आहे. अण्णांनी ती करू दिली नाही. कॉम्प्रेशन वाढलंय, पेट्रोल असं, आणि काम मेच्या उन्हातलं. उष्णतेला आणखी आमंत्रण कशाला? मलाही ते पटलं.

बांधणी झाल्यावर दोन्ही वाटा रबराने बंद करून अर्धा बार दाबाची हवा भरली आणि साबणाचं पाणी सोडलं. क्रँकच्या सीलपाशी एकही बुडबुडा नाही. ही चाचणी केल्याशिवाय पोर्ट केलेलं इंजिन चालू करू नये. सीलमधून किंचित हवा शिरली तरी मिश्रण विरळ होतं आणि आठवडाभराची मेहनत एका टाकीत जळते.

रंगाचं काम मी खेडच्या एका पेंटरकडे दिलं. ते ट्रकवर नावं आणि वेलबुट्टी रंगवतात. मुलाला मशीन संपूर्ण काळं हवं होतं. मी केशरीच ठेवलं, कारण कापलेल्या फांद्यांच्या ढिगात आणि पाल्यात खाली ठेवलेलं कटर लांबून दिसलं पाहिजे. पेंटरकाकांनी जुना प्लास्टिकचा कव्हर साबणाने, मग थिनरच्या फडक्याने पुसला, पाण्यात ओल्या पॉलिश पेपरने घासला, प्लास्टिकचा प्रायमर मारला आणि वर हार्डनर घातलेला टू-के क्लिअर दिला. साधं लॅकर पेट्रोलच्या एका थेंबाने सुटतं, हे क्लिअर टिकतं. स्टार्टरच्या झाकणावर त्यांनी आडव्या ब्रशने पांढऱ्या अक्षरांत ‘काळकाई प्रसन्न’ लिहिलं. काळकाई आमच्या इकडची देवी. त्या अक्षरांची वळणं कुठल्याही स्टिकरने येणार नाहीत. सायलेन्सरला उष्णता सोसणारा काळा रंग दिला आणि ओव्हनसारखं तापवून पक्का केला. सिलिंडरच्या पंखांना मात्र रंगाचा हात लागू दिला नाही. रंगाचा जाड थर आणि त्यावर चिकटणारा भुसा मिळून हवा अडते. बारच्या बुडाशी असलेले, लाकडात रुतवायचे लोखंडी दात मी स्वतः कानशीने सारखे करून बफवर चमकवले. ते दिसायलाही छान आहेत आणि सालीत सरळ रुततात.

पहिल्या काही टाक्या मी थोडं जास्त पेट्रोल ठेवून, हलक्या फांद्यांवर चालवल्या, रिंग बसावी म्हणून. मग वनखात्याची परवानगी हातात असलेला एक वाळका आंबा होता, त्याच्या बुंध्याला लावलं. बार संपूर्ण आत गेला आणि आवाज उतरला नाही. आधी जिथे हात सैल करायचो तिथे दाब वाढवला, तरी चेन ओढत राहिली. भुसा पिठासारखा नाही, जाड चपट्या तुकड्यांचा पडत होता. ते बघून कपाटातला आठ दातांचा स्प्रॉकेट काढला. आंबा, सुरू, फणसाच्या फांद्या याला तो चालतो. ऐनाला मी अजूनही सातच लावतो.

पेट्रोल आधीपेक्षा जास्त लागतं. आवाज वाढला आहे, म्हणून कानांवर मफ घातल्याशिवाय दोरी ओढत नाही आणि मदतीला येणाऱ्या माणसालाही ओढू देत नाही. कॉम्प्रेशन वाढल्याने दोरी हाताला झटका देते, तेव्हा सिलिंडरमधला दाब सोडणारं डिकॉम्प्रेशनचं बटण प्रत्येक वेळी दाबावं लागतं. थंडीत पहाटे हवा दाट असते, तेव्हा एच स्क्रू किंचित डावीकडे. महाबळेश्वरच्या उंचीवर एकदा काम घेतलं तिथे उलट, किंचित उजवीकडे.

शेजारच्या वाडीतला एक तरुण त्याचं पंचेचाळीस सीसीचं कटर घेऊन आला होता. त्यालाही पोर्टिंग करायचं होतं. तो वर्षातून कधीतरी फांद्या छाटायला आणि जळण फोडायला मशीन वापरतो. त्याच्या बारच्या कडा, म्हणजे चेन ज्यांवरून सरकते त्या रेल, मी पाहिल्या. एका बाजूची रेल घासून बसली होती, त्यामुळे काप वाकडा जात होता. आम्ही रेल सपाट कानशीने सारखी केली, बार उलटा फिरवून लावला, दात घासले, सायलेन्सरची जाळी काजळीने भरलेली होती ती साफ केली आणि कार्बोरेटर जुळवून दिला. ओंडक्यावर एक काप मारून त्याने माझ्याकडे पाहिलं. पोर्टिंगचे पैसे वाचले त्यात त्याने दोन चांगल्या चेन, गोल कानशींचं पाकीट आणि मांडीपासून घोट्यापर्यंत पाय झाकणारी कापरोधक चॅप्स घेतली.